काकांच्या पुस्तकातलं एकेचाळिसावं कलम

पिशवीवर छापलेल्या मजकुरावर आमच्या आईचा काडीचा विश्वास नव्हता. मंठ्याच्या बाजारातून सोयाबीनचं बियाणं घरी आलं, की पिशवी कितीही नावाजलेल्या कंपनीची असो, ती आधी शंभर दाणे मोजून घ्यायची. ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायची, पोतं गुंडाळून न्हाणीच्या कोपऱ्यात उभं करायची. पाच-सहा दिवसांनी पोतं उलगडून मोड मोजायची आणि मगच वडिलांना पेरायची परवानगी मिळायची. "छापणाराला थोडंच पेरायचंय," एवढंच म्हणायची.

मी तिचीच लेक. दूधवाल्याचं माप, रिक्षावाल्याचा जवळचा रस्ता, डॉक्टरांनी जास्तीची दिलेली गोळी, सगळ्यांवर माझा आधी संशय. विश्वास नंतर, जमलाच तर. नवरा म्हणतो, तू देवळात घंटा वाजवलीस तरी खरंच वाजली का ते वर बघतेस. तो चेष्टेनं म्हणतो असं मी धरून चालले आहे, पण त्याचीही खात्री नाही.

नोकरीही मला आईच्या पोत्याचीच मिळाली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं आठ-नऊ माणसांचं छोटं वर्कशॉप आहे. बियाण्यांच्या प्रयोगशाळांमध्ये उगवण तपासायची कपाटं असतात. आत ट्रे, ट्रेमध्ये ओला कागद, कागदावर बी. कपाटाचं तापमान दिवसरात्र ठरलेलं राहिलं पाहिजे, तरच मोडांचा हिशेब खरा. ते तापमान सांभाळणारी डबी आम्ही बनवतो. डबीत सी भाषेतला एक प्रोग्रॅम असतो. मी आले तेव्हा तो प्रोग्रॅम काकांच्या ताब्यात होता.

काका म्हणजे वर्कशॉपमधले सगळ्यांत जुने. साठीला आलेले, काचबिंदूमुळे एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याला भिंग लावून काम करणारे. गाव पिंपळगाव रेणुकाई. घराणं मेंढरांमागं फिरणारं, त्यातून डिप्लोमापर्यंत पोचलेले हे पहिलेच. पहिल्या दिवशी त्यांनी मला प्रोग्रॅम दाखवला आणि मला वाटलं, यांनी चुकून दुसरीच फाइल उघडली.

त्या फाइलमध्ये अर्धं मराठी होतं. 'कलम सात. दार उघडं असताना पंखा बंद ठेवायचा, कारण वाऱ्यानं ओला कागद कडेनं सुकतो आणि कडेचं बी रुसतं.' असा परिच्छेद, त्याखाली सी भाषेच्या सहा ओळी. मग पुन्हा परिच्छेद, पुन्हा ओळी. अशी चाळीसेक कलमं. काका त्याला प्रोग्रॅम म्हणतच नसत, 'पुस्तक' म्हणत.

पुस्तक मशीनला कळत नाही. म्हणून काकांनी दोन छोटे आदेश करून ठेवले होते, काळ्या पडद्यावर टाइप करून चालवायचे. एकाचं नाव 'काढ', दुसऱ्याचं 'मांड'. 'काढ' चालवलं की पुस्तकातलं मराठी बाजूला पडून सगळ्या सी ओळी मशीनला लागतात त्या क्रमानं एका फाइलमध्ये जमा व्हायच्या. 'मांड' चालवलं की तेच पुस्तक माणसाला वाचण्यासारखं, अनुक्रमणिकेसकट छापून यायचं. ही पद्धत जगात जुनी आहे, तयार साधनंही मिळतात. पण त्यांना आमची अक्षरं पचेनात म्हणून काकांनी आपली स्वतःची लिहिली होती, तीही सी भाषेतच. नियम एकच. 'काढ'मधून निघालेल्या फाइलला हात लावायचा नाही. बदल करायचा तो पुस्तकात, आणि मग पुन्हा 'काढ'.

"एवढं लिहायचं कशाला, काका?" मी विचारलं.

"अगं, मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करायची तं नुसती मोजून देऊन भागतंय का? ही लंगडती, ही कुत्र्याला भेती, ह्या दोघी एकमेकीबिगर चरत न्हाईत, हे सांगावं लागतं. आमचा बाप एकेकीचं सांगत बसायचा. तसंच हे."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, पिशवीवरचं छापील. प्रोग्रॅम काय करतो ते सी ओळी सांगतात. भोवतीचं मराठी म्हणजे लिहिणाऱ्याला तो काय करतो असं वाटतं ते. मला मोड बघायचे होते, पिशवी नाही.

त्यात आणखी एक गोष्ट मला खटकली. 'काढ' हा आदेशही असाच पुस्तक म्हणून लिहिलेला होता. म्हणजे 'काढ' बनवायला 'काढ'च लागणार.

"मग पहिलं 'काढ' कुणी काढलं?"

"हातानं काढलं," काका हसून म्हणाले. "एका पावसाळ्यात, वहीत उतरवून."

बाकीचे हसले. मी हसले नाही. जो प्रोग्रॅम स्वतःलाच जन्म देतो, तो वाटेत चार ओळी आपल्या पदरच्या घालत नसेल कशावरून? आणि ते तपासायचं कुणी? ज्यानं लिहिला त्यानंच.

काकांशी माझं भांडण मात्र नव्हतं. उलट रोज अकरा वाजता चहा आला की ते आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवायचे, कारण डॉक्टरांनी त्यांना पुरा कप बंद केला होता. मी घ्यायचे. कामाची पद्धतही तशीच वाटून घेतलेली. काय बदलायचं ते मी सांगायचे, काका पुस्तकात लिहायचे, 'काढ' चालवायचे आणि निघालेली सी फाइल मला द्यायचे. त्या फाइलमध्ये जागोजागी 'काढ'नं घातलेले आकडे असत, ही ओळ पुस्तकाच्या अमुक ओळीवरून आली असं सांगणारे. माझ्या डोळ्यांत ते खुपायचे. मी एक आदेश लिहून ते सरसकट उडवून टाकायचे आणि स्वच्छ फाइल वाचायचे.

पुस्तकाशिवाय काम अडत नाही हे मी पहिल्याच महिन्यात सिद्ध केलं होतं. बदनापूरजवळच्या एका प्रयोगशाळेत दार उघडलं की कपाटाचा बझर ठणाणा वाजायचा. मी एकटी लॅपटॉप घेऊन गेले, तिथंच उभ्या उभ्या सी फाइलमध्ये दुरुस्ती केली, डबीत भरली, ऑफिसच्या मशीनवर फाइल टाकली आणि दुपारच्या गाडीनं परत. पंधरा मिनिटांचं काम. कलम नाही, परिच्छेद नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

अशी दोन वर्षं गेली.

त्या मे महिन्याच्या अखेरीस काका निवृत्त होणार होते. मालकांनी त्यांना शब्द दिला होता, की जूनपासून गावाकडून आठवड्यातून दोन दिवस यायचं, पुस्तक सांभाळायचं. काका त्या दोन दिवसांबद्दल सारखं बोलायचे. एसटी किती वाजता निघते, भोकरदनला किती थांबते, मंगळवार बरा की बुधवार. डोळा अधू, मुलं बाहेरगावी, हातातलं पुस्तक सुटलं तर माणूस दिवसभर करणार काय, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आणि बरोबर त्याच महिन्यात बदनापूरची तक्रार आली. मोड मोजायच्या दिवशी कपाट तापतं, बझरसुद्धा वाजत नाही, कपाशीचे मोड ट्रेमध्येच करपले. इतर दिवशी सगळं बरोबर. फक्त मोजणीच्या दिवशी.

मी सी फाइल घेऊन बसले आणि तासाभरात त्या ओळी सापडल्या. 'अंधकाळ' नावाची वेळेची एक मोजणी होती. ती चालू असेपर्यंत प्रोग्रॅम सेन्सरकडे बघतच नव्हता. कूलिंग बंद असेल तर बंदच, बझर गप्प. म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवलं होतं, की इतका वेळ डोळे मिटून बसायचं. मालकांच्या कपाटात काकांच्या पुस्तकाची छापील प्रत होती, स्पायरल घातलेली. मी ती पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत चाळली. चाळीस कलमं. 'अंधकाळ' कुठंही नाही.

पुस्तकात नाही आणि मशीनमध्ये आहे. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदच झाला. दोन वर्षं मला जे वाटत होतं ते हेच. सगळं जुळत गेलं. स्वतःला जन्म देणारं 'काढ', फक्त काकांनाच पुरतं कळणारं पुस्तक, निवृत्तीचा महिना, आणि नेमका आत्ताच उपटलेला बिघाड. जो बिघाड फक्त काकाच शोधू शकतील. माणसाला आपली गरज टिकवायची असेल तर तो आणखी काय करणार?

पुस्तकाची आजची फाइल काकांच्या मशीनवर होती, माझ्या टेबलापासून सहा पावलांवर. ती उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण मी म्हटलं, ती त्यांचीच फाइल, ते ठेवतील तीच दिसणार. छापलेलं बदलता येत नाही, म्हणून छापील प्रत खरी. पिशवीवरच्या छापील मजकुराला आयुष्यभर हसलेली मी, त्या दिवशी नेमकी छापलेल्यावर विसंबले. ती प्रत किती जुनी आहे हेही बघितलं नाही.

काका डोळ्याच्या तपासणीला गेलेले होते. मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

"पक्कं आहे का?" मालकांनी विचारलं. "वीस वर्षांपासूनचा माणूस आहे आपला."

"छापील पुस्तकात नाही, मशीनमध्ये आहे, साहेब. आणखी काय पाहिजे?"

मालकांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पुरावा काढून ठेव. त्यांच्याशी मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरावा काढायला मी काकांच्या खुर्चीत बसले. काका आले नव्हते. पडद्यावरची अक्षरं केवढाली मोठी, एका वेळी चारच ओळी दिसत. एवढ्या अक्षरांत वाचणं मला जमेना, म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदा मी 'मांड' टाइप केलं. प्रिंटर घरघरला आणि एकेक पान टाकू लागला. मी शेवटची पानं आधी उचलली. चाळीसवर थांबलेलं पुस्तक आता त्रेपन्नावर गेलं होतं.

'कलम एकेचाळीस,' मी वाचलं. 'हे कलम माझं नाही. बाई बदनापूरला जाऊन आल्या, तेव्हा त्यांनी या ओळी थेट सी फाइलमध्ये घातलेल्या दिसल्या. पुढच्या वेळी काढ चालवलं असतं तर त्या पुसल्या गेल्या असत्या, म्हणून पुस्तकात आणल्या. नावं तेवढी बदलली. दार उघडलं की बाहेरची हवा सेन्सरला लागते आणि बझर उगाच वाजतो. म्हणून दीड मिनिट सेन्सरकडे बघायचंच नाही, असं त्यांनी केलं आहे. चांगली युक्ती आहे. मला सुचली नव्हती.'

त्याखाली 'अंधकाळ'च्या ओळी. माझ्याच ओळी. पुस्तकातल्या 'बाई' म्हणजे मी. मी त्या मोजणीला नुसतं 'टी दोन' म्हटलं होतं, उभ्या उभ्या, घाईत.

ओळींखाली आणखी एक परिच्छेद होता. 'एक शंका आहे. दीड मिनिट संपायच्या आत दार पुन्हा उघडलं तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. कुणी सारखं दार उघडत राहिलं तर सेन्सरकडे कधीच बघितलं जाणार नाही. बाईंनी याचा विचार केला असेल आणि मला दिसत नसेल. बाईंना विचारायचं.'

मी बदनापूरला फोन लावला. मोजणी कोण करतं विचारलं. चार महिन्यांपूर्वी नवीन बाई आल्या होत्या, फार काळजीवाल्या. आधीचा माणूस सगळे ट्रे एकदम बाहेर काढून मोजायचा. या बाई एकेक ट्रे काढायच्या, दार नीट लावायच्या, मोजायच्या, दार उघडून ट्रे आत, दुसरा बाहेर. दर मिनिटाला एकदा. मेची उन्हं, दर वेळी आत शिरणारी गरम हवा, आणि माझ्या ओळींनी डोळे मिटून बसलेली डबी.

पानं घेऊन मी मालकांकडे पळत गेले. त्यांनी कलम वाचलं, चष्मा काढला.

"म्हणजे काल संध्याकाळी मी त्यांना फोनवर जे बोललो..."

"काय बोललात, साहेब?"

"तू सांगितलंस तेच. जूनपासून यायची गरज नाही म्हणालो. आणि का, तेही सांगितलं."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मालकांनी माझ्यासमोरच काकांना फोन लावला, चूक झाली म्हणाले, माफी मागितली. पलीकडून काका काय बोलले ते ऐकू आलं नाही. मालक फक्त "हो, हो" करत होते.

काका दुपारी आले, भिंग न्यायला. मी त्यांच्या टेबलाशी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. छापील प्रत, मालकांची केबिन, निवृत्तीचा महिना, मी कसं काय जुळवलं ते सगळं. काही झाकलं नाही.

"दोनदा छापून तुझ्या टेबलावर ठेवलं व्हतं की ते कलम," ते म्हणाले. "तू काही बोलली न्हाईस. मंग मला वाटलं, वाचून बिलकुल ठीक हाये म्हणून सोडलंस. बाई हुशार हाये, तिनं पाह्यलं असंल."

मला ती पानं आठवली. काकांची पानं माझ्या टेबलावर नेहमी असायची. एका बाजूला कोरी म्हणून मी त्यांच्यावर कच्चं काम करायचे, किराणा लिहायचे, चहाच्या कपाखाली ठेवायचे.

"चूक व्हती त्याचं काही न्हाई," काका म्हणाले. "चुका माझ्या बी हायेत त्यात. एक सांग. माझ्यावर संशय कव्हापासून व्हता?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

काकांनी भिंग रुमालात गुंडाळलं. "अन् दोन वर्षं माझ्यातला अर्धा चहा घेऊन राह्यली व्हतीस," एवढं बोलून ते निघून गेले.

जूनमध्ये काका आले. मालकांचा शब्द होता आणि काकांनाही पुस्तक सुटत नव्हतं. मंगळवार आणि शनिवार. माझ्याशी वागणं नीटनेटकं. काय बदलायचं ते विचारायचे, लिहायचे, 'काढ' चालवून फाइल द्यायचे. एकेचाळिसावं कलम मी स्वतः दुरुस्त केलं. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हाच मोजणी सुरू, मध्ये कितीही वेळा उघडलं तरी ती पुन्हा मागं जायची नाही, आणि तापमान फारच चढलं तर मोजणी असो नसो, बझर वाजणारच. वर परिच्छेद लिहिला. चूक कुणाची तेही लिहिलं होतं. काकांनी भिंगातून वाचून तेवढं वाक्य काढून टाकलं. "पुस्तकात मशीनीचं लिहायचं," म्हणाले. "माणसाचं न्हाई."

चहा ते आता पुरा कप एकटेच प्यायचे. डॉक्टरांनी बंद केलेला होता तरी.

पुस्तक आता मी दर आठवड्याला 'मांड'मधून काढून वाचते, पहिल्या पानापासून. जुन्या कलमांत काकांच्या शंका जागोजागी आहेत. 'बाईंना विचारायचं.' 'बाईंशी बोलायचं.' दोन वर्षांत अकरा ठिकाणी त्यांनी मला हाक मारली होती आणि मी एकदाही ओ दिली नव्हती. जूननंतरच्या कलमांत तसं एकही वाक्य नव्हतं. शंका आली तर काका ती स्वतःच सोडवत होते, किंवा लिहीत नव्हते. यातलं कुठलं, ते कळायला मार्ग नव्हता.

मग मीच सुरू केलं. जिथं मला काकांची ओळ कळली नाही, तिथं खाली लिहायचं, 'काकांना विचारायचं.' आधीची मी असते तर तिथं संशय घेतला असता. आताही येतो, पण तो लिहून ठेवते, त्यांना दिसेल अशा जागी. एक शंका झाली, चार झाल्या, सात झाल्या. काका वाचत होते एवढं नक्की, कारण माझे शब्द ते मधूनमधून शुद्ध करून ठेवत. उत्तर मात्र नाही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी 'मांड' चालवून पानं उचलली. सातव्या शंकेखाली एक नवी ओळ होती. काका पुस्तकात नेहमी चापूनचोपून शाळेतलं मराठी लिहितात. ही ओळ तशी नव्हती.

'मंग इचार की. इथंच बसेल हाये मी.'

मी ती ओळ दोनदा वाचली. रागानं लिहिली असेल का, टोमणा असेल का, सगळं मनात येऊन गेलं. मान वर करून बघितलं. काका भिंग लावून पडद्यात डोकं घालून बसले होते. अकरा वाजले होते, चहा आला होता, आणि त्यांच्या कपातला अर्धा बशीत ओतून टेबलाच्या माझ्याकडच्या कडेला ठेवलेला होता.